ट्रॉय सापडलं म्हणजे नेमकं काय सापडलं?

महाकाव्य आणि इतिहास यांचा वाद मराठीत निघाला की चार वाक्यांच्या आत ट्रॉयचं नाव येतं. विद्वान होमरला कविकल्पना म्हणत होते, श्लीमन नावाच्या एका व्यापाऱ्यानं होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, इलियड, हातात धरून खणलं आणि शहर बाहेर काढलं. मग महाकाव्यांना इतिहास म्हणायला हरकत काय, असा एक पक्ष. दुसरा पक्ष तितक्याच घाईनं सांगतो की होमर युद्धानंतर चार-पाचशे वर्षांनी झाला, त्याच्या काव्यात देव रणांगणात उतरतात आणि घोडा माणसासारखा बोलतो, तेव्हा त्यात इतिहास शोधणं हा पोरखेळ आहे. दोघेही हिरिरीनं भांडतात, आणि इलियडच्या १५,६९३ ओळींपैकी एकही ओळ समोर ठेवत नाहीत. माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकीच्या मापाचा आहे. कोण कुणाशी, कशासाठी, कधी लढलं याबाबत इलियडची साक्ष जवळपास निरुपयोगी आहे, आणि याबाबतीत संशयवादी बरोबर आहेत. पण वस्तू, गावांची नावं आणि ठरीव शब्दजोड्या यांच्या बाबतीत त्याच काव्यात कांस्ययुगाचे, म्हणजे लोखंडाच्या आधीच्या काळाचे, अस्सल अवशेष आहेत, आणि ते वेगळे काढता येतात. सबंध काव्याला ‘खरं’ किंवा ‘खोटं’ असा एकच शिक्का मारणारा कुठल्याच पक्षाचा माणूस हे काम करू शकत नाही.

आधी श्लीमनची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. वायव्य तुर्कस्तानातली हिसार्लिकची टेकडी, जिथे हे शहर निघालं, ती मुळात हरवलेलीच नव्हती. ग्रीक-रोमन काळात तिथे इलिऑन नावाचं शहर नांदत होतं, आणि इ.स.पू. ३३४ मध्ये आशियात उतरलेला अलेक्झांडर मुद्दाम तिथे गेला, कारण हेच होमरचं ट्रॉय असा तिथल्या लोकांचा दावा होता. १८०१ मध्ये नाण्यांवरून इलिऑनची जागा पुन्हा ओळखली गेली. १८२२ मध्ये चार्ल्स मॅक्लारेननं होमरचं ट्रॉयही इथेच असल्याचं लिहिलं. टेकडीचा एक भाग ज्याच्या मालकीचा होता त्या फ्रँक कॅल्व्हर्टनं १८६०च्या दशकात तिथे चाचणीचे खड्डेही घेतले होते. श्लीमन १८६८ मध्ये आला तो भलतीकडेच, पिनारबाशी या गावी. का? इलियडच्या बाविसाव्या सर्गात ट्रॉयच्या तटाबाहेर दोन झरे आहेत, एकाच्या पाण्यातून वाफा निघतात आणि दुसऱ्याचं पाणी गारेसारखं थंड. असे झरे पिनारबाशीला आहेत असं लशव्हालिये या फ्रेंच प्रवाशानं १७८५ मध्ये ठरवलं होतं, आणि पुढे कित्येक वर्षं युरोपातले बहुतेक अभ्यासक त्या गावालाच ट्रॉय मानत राहिले. होमरचा शब्द अक्षरशः धरण्याचा खरा प्रयोग झाला तो इथे, आणि तो फसला. श्लीमनला हिसार्लिककडे वळवलं कॅल्व्हर्टनं.

तिथेही पुढे काय झालं? इलियडमधला ट्रॉयचा राजा प्रायम याचं शहर अगदी जुनं, म्हणजे अगदी तळाशी असणार, असं धरून श्लीमननं टेकडीच्या आरपार उत्तर-दक्षिण प्रचंड चर खणला. वरचे थर अडगळ समजून उपसून टाकले. १८७३ मध्ये त्याला सोन्याचा साठा मिळाला आणि त्यानं तो ‘प्रायमचा खजिना’ म्हणून जगाला दाखवला. तो साठा ट्रॉयच्या तळापासून मोजलेल्या दुसऱ्या थरातला निघाला, साधारण इ.स.पू. २४००च्या आसपासचा. प्राचीन ग्रीकांनी, विशेषतः एराटोस्थेनीसनं, ट्रॉयच्या पाडावाला दिलेलं साल आहे इ.स.पू. ११८४. मधे हजाराहून जास्त वर्षं आहेत. ज्या थरांचा होमरशी संबंध असू शकला असता त्यांचा मधला भाग श्लीमनच्याच मजुरांनी उपसला होता. कडेला उरलेल्या भागात सहाव्या थराचे भव्य तट ओळखले ते १८९३-९४ मध्ये, श्लीमन वारल्यानंतर, त्याचा सहकारी ड्योर्पफेल्ड यानं. ग्रीसमधल्या मायसीनीला १८७६ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या मुखवट्याची तीच कथा: ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन याचा म्हणून गाजला, आणि निघाला इ.स.पू. सोळाव्या शतकातला. काव्य वाचून खणल्यानं सगळं सापडलं, हे सांगताना निदान एवढं तरी सांगावं की काव्यानं खणणाऱ्याला जागेबाबत आणि थराबाबत चकवलं.

जागा जुळते, हे मात्र मान्य करायला हवं. ट्रॉयला होमर ‘वाऱ्याचं’ म्हणतो, आणि दार्दानेल्सच्या तोंडाशी असलेल्या त्या टेकडीवर वारा खरोखर झोंबतो. सोळाव्या सर्गात ग्रीक वीर पॅट्रोक्लस तटाच्या कोनावर तीनदा चढू पाहतो; सहाव्या थराचा तट खाली रुंद आणि वर आत कललेला आहे, म्हणजे चढू पाहण्याजोगा. आज समुद्र काही किलोमीटर दूर असला तरी मैदानात भोकं पाडून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांवरून दिसतं की कांस्ययुगात खाडी टेकडीच्या बरीच जवळ होती. हे सगळं खरं. पण यातून सिद्ध काय होतं? तटाचे अवशेष इ.स.पू. आठव्या शतकातही जमिनीवर उभे होते. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर ग्रीक वस्ती होती आणि तिथला कोणताही गायक येऊन ते पाहू शकत होता. भूगोल जुळला की कुणीतरी ती जागा पाहिली होती एवढंच ठरतं, तिथे काय घडलं ते ठरत नाही.

श्रद्धावाद्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा हिसार्लिकमध्ये नाहीच. तो आहे सध्याच्या मध्य तुर्कस्तानात, कांस्ययुगात अनातोलियावर (आजच्या आशियाई तुर्कस्तानावर) राज्य करणाऱ्या हित्तींच्या राजधानीच्या दफ्तरखान्यात. हत्तुशाच्या या दफ्तरातल्या मातीच्या पाट्यांत विलुसा नावाचं वायव्य अनातोलियातलं राज्य येतं आणि अह्हियावा नावाची समुद्रापलीकडची सत्ता येते. १९२४ मध्ये एमिल फोररनं सांगितलं की विलुसा म्हणजे इलिओस आणि अह्हियावा म्हणजे होमरचे अखाइयन, अर्थात ग्रीक. फर्डिनांड झोमरनं १९३२ मध्ये हे इतकं खोडून काढलं की पुढची पन्नास वर्षं बहुतेकांनी ते गंभीरपणे घेतलं नाही. आज पारडं फोररच्या बाजूला आहे. १९९८ मध्ये डेव्हिड हॉकिन्सनं काराबेल खिंडीतला शिलालेख वाचल्यावर पश्चिम अनातोलियाच्या नकाशात फार मोकळी जागा उरली नाही, आणि विलुसाला वायव्येचा कोपराच मिळतो. शिवाय ‘इलिओस’ या शब्दाच्या सुरुवातीला एके काळी ‘व’ होता, हे इलियडच्या छंदावरून हित्ती पाट्या वाचल्या जाण्याआधीच कळलेलं होतं. कवीच्या आयोनियन बोलीतून तो ‘व’ गेला, पण छंदात त्याची जागा तशीच राहिली.

पाट्यांत मजकूर काय आहे तेही पाहू. इ.स.पू. १२८०च्या सुमारास हित्ती सम्राट मुवत्तल्लीनं विलुसाच्या राजाशी मांडलिकीचा करार केला. त्या राजाचं नाव अलक्सांदू. हेलनला पळवून युद्ध ओढवणारा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस, त्याचं दुसरं नाव अलेक्झांड्रॉस, हे इलियड वाचणाऱ्याला लगेच आठवेल. पुढच्या एका पत्रात हित्ती सम्राट, बहुधा तिसरा हत्तुशिली, अह्हियावाच्या राजाला ‘बंधू’ म्हणतो आणि विलुसावरून आपलं जे वाकडं आलं होतं ते आता मिटलं आहे, अशा अर्थाचं लिहितो. आणखी एका करारात लेखनिकानं सम्राटाच्या बरोबरीच्या राजांची यादी केली आहे: इजिप्त, बाबिलोन, असिरिया, आणि चौथा अह्हियावा. हे चौथं नाव ओल्या मातीतच पुसलेलं आहे, तरी वाचता येतं. थोडक्यात, ग्रीक जगातली एक मोठी सत्ता होती, ती पश्चिम अनातोलियाच्या राजकारणात लुडबुडत होती, आणि एकदा तरी विलुसाचा मामला वैरापर्यंत गेला होता. इतिहासकार मोझेस फिन्लीसारख्या संशयवाद्यांच्या काळात हे एवढ्या ठामपणे म्हणता येत नव्हतं. जे आजही ट्रॉयच्या नावानं नुसतं नाक मुरडतात त्यांना या पाट्यांचं उत्तर द्यावं लागेल.

पण याच पाट्या इलियडच्या विरोधातही बोलतात, आणि ती बाजू उत्साहाच्या भरात कुणी वाचत नाही. त्या पत्रातला मुख्य माणूस आहे पियमरदू नावाचा बंडखोर, जो वर्षानुवर्षं हित्तींच्या मांडलिकांवर धाडी घालत आणि अह्हियावाच्या आश्रयाला पळत होता. होमरला असा माणूस माहीत नाही. अलक्सांदू राजा आहे, हित्तींचा मित्र आहे, आणि त्याच्या बायकोबद्दल कुणाची तक्रार नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इलियडला हित्ती साम्राज्यच माहीत नाही. ट्रॉय ज्या सम्राटाचं मांडलिक होतं, ज्याच्या संमतीशिवाय तिथला राजा गादीवर टिकत नसे, तो सम्राट इलियडभर कुठेच नाही. ट्रॉयच्या मदतीला थेट लिकियापासून मित्र येतात, पण हत्तुशाहून रथ येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या कथेतून अमेरिका गळून पडावी, इतकी ही मोठी गळती आहे.

ग्रीकांच्या स्वतःच्या घरचीही आठवण अशीच पुसली गेली. मायकेल व्हेंट्रिसनं १९५२ मध्ये लिनिअर-बी ही कांस्ययुगातल्या ग्रीकांची लिपी उलगडली आणि नोसॉस, पायलॉस इथल्या राजवाड्यांची दफ्तरं वाचता आली. त्यांत आहे काय? मेंढ्यांची मोजणी (एकट्या नोसॉसच्या नोंदींत ती ऐंशी हजारांच्या पुढे जाते), लोकरीच्या कामाला लावलेल्या बायका, लोहारांना वाटून दिलेलं कांस्य, रथांची मोडकी आणि धड चाकं, जहाजांवर पाठवायचे वल्हेकरी. हे कारकुनांचं राज्य होतं. इलियडमधला आगामेम्नॉन कुणाकडून हिशेब घेत नाही. सबंध काव्यात लेखनाचा उल्लेख एकदा, सहाव्या सर्गात, घडी घातलेल्या पाटीवरच्या घातक खुणा म्हणून येतो. गायकानं अशी काही वस्तू ऐकली असावी, पाहिलेली नसावी. मृतांचं पाहा. मायसीनियन, म्हणजे कांस्ययुगातले ग्रीक, बहुतांशी पुरत असत, होमरचे वीर दहन करतात. अकिलीस पॅट्रोक्लसच्या श्राद्धाच्या खेळात कच्च्या लोखंडाचा गोळा बक्षीस लावतो आणि सांगतो की पाच वर्षं शेतकऱ्याला वा धनगराला लोखंडासाठी गावात जावं लागणार नाही. तलवारी कांस्याच्या आणि नांगर लोखंडाचा, असं जग इतिहासात कधीच नव्हतं. गायकाचा स्वतःचा काळ इथे आत शिरलेला स्पष्ट दिसतो.

मग सगळंच कल्पित म्हणून सोडून द्यायचं का? इथे मी संशयवाद्यांपासून वेगळा होतो, आणि त्यासाठी एकच वस्तू जवळून दाखवतो. दहाव्या सर्गात रात्रीच्या टेहळणीला निघताना मेरिओनीस हा ग्रीक वीर ओडिसियसच्या डोक्यावर एक शिरस्त्राण चढवतो. कातड्याचं, आतून पुष्कळ चामडी पट्ट्यांनी ताणून घट्ट केलेलं, मधे लोकरीच्या नमद्याचं अस्तर. बाहेरून रानडुकराच्या पांढऱ्या सुळ्यांचे तुकडे दाट बसवलेले, ‘इकडे आणि तिकडे’. श्लीमनच्या आधीच्या वाचकांना हा काय प्रकार आहे ते कळायचं कारण नव्हतं. पुढे मायसीनियन थडग्यांत सुळ्यांच्या चिरलेल्या, कडेला भोकं पाडलेल्या पट्ट्या मिळाल्या, हस्तिदंती शिल्पांत अशी शिरस्त्राणं घातलेली डोकी मिळाली, आणि दिसलं की एका रांगेत सुळ्यांचा बाक डावीकडे असतो, पुढच्या रांगेत उजवीकडे. इकडे आणि तिकडे. एका शिरस्त्राणाला डझनावारी रानडुकरं लागत. इ.स.पू. १२००नंतर ही वस्तू जवळजवळ वापरातून गेली. इलियड आजच्या रूपात आलं ते साधारण इ.स.पू. ७००च्या आगेमागे. पाचशे वर्षांपूर्वी बंद पडलेल्या वस्तूची शिवण गायकाला कशी ठाऊक?

उत्तर दोन प्रकारचं असू शकतं, आणि दोन्हींची शक्यता तपासल्याशिवाय ‘पुरावा’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. एक, वर्णनाच्या ओळी कांस्ययुगातच रचल्या गेल्या आणि तोंडातोंडी आल्या. दोन, वस्तूच कुठेतरी टिकली आणि पुढच्या कुणीतरी ती पाहिली. काव्य स्वतःच दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतं, कारण त्या शिरस्त्राणाचा वारसाही तिथेच सांगितला आहे: ऑटोलिकसनं एलिऑनमधल्या अमिंटॉरच्या घरातून ते चोरलं, किथेराच्या अ‍ॅम्फिदामासला दिलं, त्यानं मोलसला, मोलसनं मुलाला, म्हणजे मेरिओनीसला. म्हणजे गायकालाही ही जुनी, दुर्मीळ, हातोहात आलेली चीज वाटत होती. जुन्या वस्तू खरोखर अशा फिरत असत. ग्रीसमधल्या लेफकांदीला इ.स.पू. ९५०च्या सुमाराच्या एका थडग्यात वीराची रक्षा ठेवलेलं सायप्रसचं कांस्यपात्र मिळालं, ते पुरलं गेलं तेव्हाच जुनं झालेलं होतं. आणखी एक अडचण अशी की हा दहावा सर्ग नंतर घुसडलेला असल्याचा संशय प्राचीन काळापासून आहे. सर्वांत जुनी वस्तू सर्वांत नव्या सर्गात बसलेली असू शकते. सर्गाचं वय आणि वस्तूचं वय वेगळं मोजावं लागतं, ते असं.

तोंडातोंडी ओळी टिकतात कशा, हे मिल्मन पॅरी या अमेरिकी अभ्यासकाच्या कामामुळे बरंच कळलं. १९३३ ते १९३५ या काळात त्यानं आणि आल्बर्ट लॉर्डनं युगोस्लाव्हियातल्या गायकांची गाणी अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर उतरवली. आव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकानं बारा हजारांहून जास्त ओळींचं एक गाणं सांगितलं, म्हणजे जवळपास ओडिसीएवढं. गायक छातीठोकपणे म्हणत की आपण शब्द न शब्द तोच गातो. तबकड्या लावून पाहिलं तर दर खेपेला गाणं वेगळं होई. तीच कथा, तेच प्रसंग, पण रचना ताजी. स्थिर राहत ते छंदात चपखल बसणारे ठरीव तुकडे, कारण गाताना विचार करायला वेळ नसतो आणि ते तयार हाताशी लागतात. होमरचा ‘वेगवान पायांचा अकिलीस’ असाच. म्हणून तुकड्यात अडकलेली गोष्ट शतकानुशतकं टिकू शकते, आणि तुकड्याबाहेरची दर पिढीला नवी होते. वर आलेला मेरिओनीस एका ठरीव ओळीत रणदेवाच्या तोडीचा, नरसंहारक म्हणून येतो. ही ओळ होमरच्या काळच्या उच्चारानं छंदात बसतच नाही, पण ग्रीकच्या कितीतरी जुन्या उच्चारानं बसते. हा उच्चार लिनिअर-बी पाट्यांच्याही आधीचा असावा असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, सगळे नाही. खुद्द त्या रणदेवाचं नाव नोसॉसच्या पाटीवर आहे. अजॅक्सची बुरुजासारखी ढाल, चांदीचे खिळे ठोकलेली तलवार, हेही याच वर्गातलं. मात्र लक्षात घ्या, यांतलं एकही ट्रॉयबद्दल काही सांगत नाही. मेरिओनीस नावाच्या वीराची ओळ जुनी असू शकते, आणि तो ट्रॉयला कधीच गेलेला नसू शकतो.

पद्य घटनेचं काय करतं, हे मराठी वाचकाला परदेशातून शिकायची गरज नाही. शाहीर तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात घोरपड कड्यावर चढते, शेलारमामा ऐंशी वर्षांचा आहे, जिजाबाई सोंगट्यांच्या डावात कोंढाणा जिंकून मागतात. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे दोन मावळे पुढे होऊन कडा चढतात. तानाजी पडल्यावर गडाला सिंहगड नाव मिळालं असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते नाव १६७०च्या आधीच्या, १६६३ मधल्या शिवकालीन पत्रात आहे. तरीही तानाजी खरा, उदयभान खरा, रात्रीचा छापा खरा. हे आपल्याला कशावरून कळलं? बखर आणि पत्रव्यवहार हाती आहेत म्हणून. नुसता पोवाडा उरला असता, तर उदयभान आणि घोरपड यांच्यात फरक कुठल्या आधारानं केला असता? होमरच्या बाबतीत आपण नेमके त्या अवस्थेत आहोत, आणि मधलं अंतर चार-पाच शतकांचं आहे.

मोझेस फिन्लीनं १९६४ मध्ये हाच मुद्दा युरोपातल्या उदाहरणांनी मांडला आणि ट्रॉयचं युद्ध ग्रीक कांस्ययुगाच्या इतिहासातून काढून टाकावं असं सुचवलं. ७७८ मध्ये पिरेनीजच्या खिंडीत शार्लमेनच्या पिछाडीवर बास्क लोकांनी हल्ला केला. तीनशे वर्षांनी त्यावरच्या फ्रेंच महाकाव्यात, रोलाँच्या गीतात, शत्रू मुसलमान झाले होते. जर्मन महाकाव्यात हूणांचा राजा अटिला आणि गॉथांचा राजा थिओडोरिक एकाच दरबारात बसतात, प्रत्यक्षात थिओडोरिक जन्मला तो अटिला मेल्यानंतर. संशयवाद्यांचा हा सर्वोत्तम युक्तिवाद आहे आणि मला तो बराचसा पटतो. पण तो शेवटपर्यंत नेला तर फिन्लीच्या निष्कर्षापाशी पोहोचत नाही. रोलाँच्या गीतात सम्राट बरोबर आहे, डोंगर बरोबर आहेत, पिछाडी कापली गेली हे बरोबर आहे, आणि रोलाँचं नाव शार्लमेनच्या समकालीन चरित्रकारानं नोंदलेलं आहे. जर्मन काव्यातल्या बर्गंडियन राज्याचा विनाशही पाचव्या शतकात खरोखर झाला. म्हणजे मौखिक काव्यात नावं आणि आपत्ती टिकतात. त्यांना जोडणारे धागे, म्हणजे शत्रू कोण, कारण काय, कोण कुणाचा समकालीन, हे बदलतं. यातून होमरबद्दल शून्य कसं निघतं? निघतं ते एवढंच, की हेलनवर आणि दहा वर्षांच्या वेढ्यावर विसंबू नका, विलुसाला मात्र हलक्यात घेऊ नका.

दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी ही संशयवाद्यांची खरी कसोटी आहे. एकोणतीस तुकड्या, १,१८६ जहाजं, आणि दीडशेहून जास्त गावं. आकड्यांचं काय करायचं ते ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसनं अडीच हजार वर्षांपूर्वी दाखवून दिलं. बीओशिया या ग्रीक प्रांताच्या जहाजावर १२० माणसं, फिलोक्टिटीस या वीराच्या जहाजावर ५०; या दोन टोकांची सरासरी घ्या, असं तो म्हणतो. ८५ गुणिले सुमारे १,२०० केले तर लाखभर माणसं होतात. तटाच्या आत जेमतेम दोनशे मीटर लांबीचा बालेकिल्ला, बाहेरची वस्ती सगळ्यात उदार अंदाजानं पाच-दहा हजारांची, आणि वेढा घालणारे लाख? शिवाय इतक्यांना पोसायचं कशावर, हाही प्रश्न त्यानंच विचारला. तेव्हा आकडे बाजूला. पण गावांची नावं? बीओशियाच्या यादीत युट्रेसिस आहे. उत्खननात दिसलं की हे गाव कांस्ययुगाच्या शेवटी ओस पडलं आणि पुढची काही शतकं, होमरच्या काळासकट, ओसच होतं. थीब्जला १९९०च्या दशकात मिळालेल्या एका लिनिअर-बी पाटीवर युट्रेसिस आणि एलिऑन ही दोन्ही नावं आली; हेच एलिऑन, जिथून ते शिरस्त्राण चोरलं गेलं. एखाद्या ओसाड टेकाडाचं नाव भोवतालचे धनगर लक्षात ठेवतात, असं उत्तर देता येतं आणि ते चुकीचं नाही. तरी माझा कौल असा की यादीचा गाभा जुन्या गावनावांचा आहे आणि तिला ट्रॉयची मोहीम नंतर चिकटवली आहे. यादीत अग्रस्थान बीओशियाला आहे, आणि प्रत्यक्ष लढाईत बीओशियन जवळजवळ काहीच करत नाहीत.

खणणाऱ्यांनीही एक चूक पुन्हा पुन्हा केली. सहावा थर वैभवशाली, पण इ.स.पू. १३००च्या सुमारास तो कोसळला तो बहुधा भूकंपानं. त्यानंतरचा सात-अ थर दाटीवाटीचा, घरांत जमिनीत पुरलेले धान्याचे रांजण, आणि इ.स.पू. ११८०च्या आसपास आगीत संपलेला. १९३२ ते १९३८ इथे खणणाऱ्या कार्ल ब्लेगननं सात-अ निवडला, कारण रांजण म्हणजे वेढा आणि आग म्हणजे पाडाव. ज्यांना होमरच्या भव्य तटांचा मोह सुटत नव्हता त्यांनी सहावा निवडला, आणि लाकडी घोडा म्हणजे घोड्यांचा आणि भूकंपाचा देव पोसायडन, अशी जोडणी केली. दोन्हीकडे पद्धत तीच: आधी कथेवरून थर निवडायचा, मग त्या थरावरून कथा खरी ठरवायची. आणि सात-अ घेतला तर एक साधा प्रश्न उभा राहतो. त्याच सुमारास इलियडमधल्या नेस्टॉर राजाचं पायलॉस जळून गेलं होतं, ग्रीसमधले राजवाडे एकामागून एक कोसळत होते. मग हे हजारावर जहाजं घेऊन निघालं कोण?

२००१ मध्ये ट्युबिंगनला मानफ्रेड कोर्फमान आणि फ्रँक कोल्ब या एकाच विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांचा जो वाद पेटला, तो या सगळ्या गोंधळाचा नमुना आहे. कोर्फमानच्या चमूला चुंबकीय मोजणीत बालेकिल्ल्याच्या दक्षिणेला, सुमारे ४०० मीटरवर एक लांब रेघ दिसली. आधी तट वाटलेली ही रेघ खणल्यावर खडकात खोदलेला चर निघाली. त्यावरून त्यांनी मोठं खालचं शहर मांडलं, प्रदर्शनात त्याची भरगच्च प्रतिकृती ठेवली. कोल्बनं विचारलं की एवढ्या घरांचे पाये कुठे आहेत. हा रास्त प्रश्न होता, आणि प्रतिकृतीत पुराव्यापेक्षा घरं जास्त होती हे खरंच होतं. पण कोल्बनं सहकाऱ्याची तुलना परग्रहवासीयांच्या गोष्टी विकणाऱ्या डेनिकेनशी केली आणि पुढच्या वर्षीच्या परिषदेत शेकडो लोकांसमोर दोन गट पडले. चराची रुंदी, त्यातला गाळ, घरांची घनता हे मोजण्याचे विषय होते. ते सोडून वृत्तपत्रांनी मथळा केला तो होमर खरा की खोटा. चर खरा असला काय आणि गटार असलं काय, अकिलीसच्या रागाशी त्याचा काय संबंध?

प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटससुद्धा याहून शहाणपणानं वागला होता. हेलन खरोखर ट्रॉयमध्ये असती तर प्रायमनं शहर आणि मुलं गमावण्याऐवजी तिला परत केलं असतं, म्हणून ती इजिप्तमध्येच असणार, असं त्यानं लिहिलं. निष्कर्ष काहीही असो, त्यानं काव्याला प्रश्न विचारला आणि दुसरीकडून साक्ष शोधली. पुढची साक्षही दुसरीकडूनच यायची आहे. हत्तुशाच्या दफ्तरात तीसेक हजार तुकडे आहेत, त्यांत अह्हियावाचा उल्लेख करणारे सुमारे तीसच. यातले बरेच फुटके आहेत आणि जोडकाम अजून चालू आहे. ग्रीक राजवाड्यांच्या पाट्यांत एकही राजनैतिक पत्र नाही. हिसार्लिकमध्ये आजवर कांस्ययुगातलं वाचता येण्याजोगं लेखन मिळालं आहे ते १९९५ मध्ये सापडलेल्या एका कांस्य मुद्रेवर, लुवियन या अनातोलियातल्या भाषेच्या चित्रलिपीतलं, एका लेखनिकाचं आणि त्याच्या बायकोचं. म्हणजे तिथे लेखनिक होता. विलुसाचं किंवा त्याच्या शेजाऱ्याचं दफ्तर निघालं आणि त्यात अह्हियावाच्या जहाजांनी शहर घेतल्याची नोंद मिळाली, तर फिन्लीचा सल्ला मागे घ्यावा लागेल. तशी नोंद मिळाली तरी ती घटना किती दिवस चालली, किती जहाजं आली आणि राजा कोण होता हे त्या पाटीवरून ठरेल, इलियडवरून नाही. आणि तोवर इलियडमधली एखादी गोष्ट जुनी म्हणायची असेल, तर ती कुठल्या ओळीत आहे, छंदात अडकलेली आहे का, वस्तू केव्हा बंद पडली आणि गायकाला ती दुसऱ्या वाटेनं दिसू शकली असती का, एवढं सांगूनच म्हणावी.